डाक्टरची गाडी

बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. त्याआधीच्या सगळ्या पिढ्यांचं जाणं-येणं एसटीनं, जीपनं, बैलगाडीनं नाहीतर पायी झालं. आमचं पाली बीडच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्यावर. पाटोदा तालुक्यातल्या वाघिऱ्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली बिंदुसरा आमच्या शिवाराजवळ धरणात अडवली आहे, आणि तिथून ती बीड शहराच्या मधून सिंदफणेला मिळायला जाते. अशा गावात १९७८ साली ज्याच्या दारात स्कूटर आली, त्याचं घर लोक स्कूटरवरूनच ओळखणार. आमच्या घराचा पत्ता अजूनही तसाच सांगतात: "डाक्टरची गाडी उभी असती, ते घर."

डाक्टर म्हणजे माझे आबा, आईचे वडील नव्हेत, बाबांचे वडील. आणि डाक्टर माणसांचे नव्हेत, ढोरांचे. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात ते पशुधन पर्यवेक्षक होते. सरकारी कागदावर हुद्दा मोठा लांबलचक असला, तरी रात्री-बेरात्री आडलेल्या गायीसाठी दार ठोठावणाऱ्याला तो ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

गाडी म्हणजे बजाज चेतक. बजाज ऑटो आधी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर स्कूटर बनवत असे. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक बाजारात आली. पत्र्याचं अखंड अंग, उजव्या कुशीत इंजिन, डाव्या कुशीत डिकी, डाव्या मुठीत क्लच आणि मूठ फिरवून पडणारे चार गिअर. पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यात ती बनायची आणि देशभर तिच्यासाठी रांग लागलेली असायची. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लग्नात जावयाला चेतक द्यायची म्हणून मुलगी लहान असतानाच नंबर लावून ठेवणारे लोक होते. आबांनी नंबर लावला तो बहात्तरच्या दुष्काळानंतर लगेच. त्या वर्षी छावण्यांमध्ये आणि रस्त्याच्या कडेला त्यांनी जी जनावरं मरताना पाहिली, त्याबद्दल ते आजही फार बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "सायकलीवर पोचायला उशीर व्हायचा."

या वाक्यामुळं ती स्कूटर माझ्यासाठी शोभेची वस्तू कधी झालीच नाही.

त्या काळी गुरांचा सगळ्यात मोठा वैरी होता बुळकांडी. गावात शिरला की गोठे रिकामे करूनच जायचा. त्याची लस पावडरच्या रूपात यायची आणि ती थंड राहिली तरच कामाची. औषधाच्या पाण्यात कालवली की काही तासांत टोचून संपवावी लागायची. म्हणजे एका बाजूला थर्मासातला बर्फ वितळतोय, दुसऱ्या बाजूला वाडी-वस्तीवरची ढोरं रानात पांगलेली, आणि मधे कच्चा रस्ता. तिथं स्कूटर म्हणजे वेळ. सन २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला आणि २०११ मध्ये सगळं जग. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग. हे काम कुण्या एकाचं नाही. हजारो लसटोचे, ड्रेसर, डॉक्टर सायकलींवर, मोटारसायकलींवर, उंटांवर फिरले तेव्हा झालं. त्यातल्या बालाघाटाच्या एका तुकड्यापुरतं ते आमच्या आकाशी चेतकनं केलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

गेल्या वर्षी आबांच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू निघाला, पण संध्याकाळचं नीट दिसेना, तेव्हा त्यांनी आपणहून गाडी चालवणं थांबवलं. घरात चर्चा सुरू झाली. पुण्यातल्या एका शौकिनानं बरी किंमत सांगितली होती. जुन्या चेतकला आता चांगला भाव आहे. नवा रंग, क्रोमची चकाकी देऊन लोक त्या दिवाणखान्यात ठेवतात. एका चुलतभावाचं म्हणणं वेगळं होतं. पन्नास वर्षं पुरी झाली की व्हिंटेज म्हणून नोंद करावी. २०२१ पासून तसा नियम आहे: मूळ रूपात राखलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशाच निमित्तानं. आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उभी करून पूजा करायची तर घरात देव हायेत. गाडी हिच्या नावावर करा. ही चालवील."

ही म्हणजे मी. भोसरीत एका कारखान्यात गिअर तपासायचं काम करते, मायक्रॉनमध्ये. गिअरचा दात झिजला की तो कसा गातो, हे मला आबांच्याच गाडीनं शिकवलं होतं. कॉलेज त्यानंतर आलं. घरात नातवंडं बरीच, त्यात मुलगे जास्त. नातीला गाडी का, असं कुणी तोंडावर विचारलं नाही, पण आत्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न होता आणि आनंदही.

वारसानं गाडी मिळते तेव्हा बहुतेक घरांत ती मालक गेल्यावर मिळते. मग फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, तीन महिन्यांची मुदत. आबांना ते नको होतं. "मी हाय तवर सही करतो," म्हणाले. जिवंत माणसाच्या हातून नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. त्यासाठी चेसिस नंबरचा ठसा हवा. इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं, ऑइलचा थर रॉकेलच्या फडक्यानं पुसला, पत्र्यावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा कागदावर उमटत गेला. आबा शेजारी पाटावर बसून, डोळे किलकिले करून, तो आकडा पाठ म्हणत होते. कागदाकडं न बघता.

बीडच्या आरटीओ कार्यालयाला आम्ही गेलो ते त्याच गाडीवर, मी पुढं, आबा मागं. पालीहून बीडला जाताना वाटेत खजाना बावडी लागते. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशाहाच्या काळात, इथला जहागीरदार सलाबतखान यानं १५८२ साली ती बांधवली; रचना राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराची. जमिनीखालून काढलेल्या नाल्यांनी तिचं पाणी दूरवर शिवारात जातं, आणि दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची ख्याती. आबा तिथं नेहमी थांबायचे, म्हणून आम्हीही थांबलो. काठावर उभं राहून खाली बघितलं की पाणी दिसायच्या आधी त्याचा गारवा तोंडाला लागतो. चारशे वर्षांनंतरही शेताला पाणी जातंय, एवढं बघून पुढं निघालो.

गाडीचा नंबर जुनाच राहिला. महाराष्ट्रात १९८९ च्या आधी नंबरची अक्षरं तीन असत आणि सुरुवात एमनं होत असे. आता त्या तीन अक्षरांना नवी हाय सिक्युरिटी पाटी बसली आहे, कारण २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची केली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं, ते आबांनी कधी चुकवलं नव्हतं; त्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेवार लावलेल्या. माझ्या नावाचं आरसी हातात आलं तेव्हा आबांनी ते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मला दिलं. "आता विमा तुझा, पंक्चर तुझं."

गाडी पुण्याला न्यायची होती. ट्रकमध्ये टाकून नेता आली असती. पण चालवणार म्हणून मिळालेली गाडी दोरखंडानं बांधून नेणं मला पटेना. बीडमधले एक म्हातारे मिस्त्री आहेत, आबांच्या ओळखीचे. त्यांनी पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचे गॅस्केट आणि वायसर सगळे बदलायला लावले. कारण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही, फुगतं आणि तडकतं. इथेनॉल मका-तांदळापासूनही होतं, पण महाराष्ट्रात त्यातलं पुष्कळसं उसाचं. आणि तो ऊस तोडायला दरवर्षी दिवाळीनंतर जी माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांत सर्वांत जास्त आमच्या बीड जिल्ह्याची. आमच्याच माणसांच्या कोयत्यानं तोडलेला ऊस फिरून टाकीत येतो, हे मिस्त्रींच्या दुकानात उभी असताना मनात आलं आणि तिथून काही हललं नाही.

रंग मात्र लावू दिला नाही. डिकीच्या आतला तर नाहीच. तिथं पत्र्यावर बाटल्यांच्या बुडांचे गोल गंजके वळे आहेत, एकात एक अडकलेले. टिंचर आयोडीनचा तपकिरी ओघळ आहे, आणि झाकण उघडलं की अजूनही फिनेलचा वास येतो.

पौषातल्या थंडीत आम्ही निघालो. आम्ही म्हणजे लिंबागणेशपर्यंत आबाही. "तितवर येतो, मग मला पोरगा घेऊन येईल," असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. डोक्यावर टोपी, टोपीवर उपरणं, त्यावर हेल्मेट बसेना, मग टोपी खिशात गेली. सीटखालचा पेट्रोल कॉक उघडला, चोक ओढला, आणि पायाखाली किक दाबली. पहिल्या किकेला नुसता फुसकारा, पुढच्या किकेला निळा धूर आणि तो आवाज. गोठ्यातल्या म्हशीनं कान टवकारले.

धरण उजवीकडं ठेवून रस्ता चढणीला लागतो. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्याची शेतं खरवडून नेली होती. ओढ्याकाठी मातीच्या जागी नुसते दगडगोटे पडलेले होते. धरणात मात्र पाणी होतं. त्याच परिसरात दत्ता आणि संध्या बारगजे यांची इन्फंट इंडिया ही एचआयव्हीबाधित मुलांची संस्था आहे. ज्या लेकरांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांना या माळानं घर दिलं. पालीचं नाव आज बाहेरगावचे लोक घेतात ते बहुधा या संस्थेमुळं, आणि ते योग्यच आहे.

मांजरसुंब्याचा घाट चेतकनं दुसऱ्या गिअरमध्ये चढला. चौपदरी रस्ता झाल्यापासून चढण सोपी झाली असली, तरी मागं माणूस आणि डिकीत हत्यारं असली की इंजिनाला मान द्यावा लागतो. ट्रक शेजारून धडाडत जायचे तेव्हा अख्खी गाडी थरथरायची. आबा पाठीवर हात ठेवून सांगायचे, "ओढू नको. तिला तिच्या चालीनं येऊ दे." घाटमाथ्यावर कपिलधारचा फाटा. मन्मथस्वामींची समाधी तिथं आहे, दरीत धबधबा आहे, आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्राबाहेरूनही वीरशैव भाविक येतात. आबांनी फाट्यावरूनच हात जोडले. मांजरसुंब्याला चहा घेतला आणि पाटोद्याच्या रस्त्याला वळलो.

इथून पुढं आबांचा मुलूख.

मी या रस्त्यानं एसटीनं पुष्कळदा गेलेली, पण तो मला ठाऊक नव्हता, हे आबा मागं बसून बोलायला लागले तेव्हा कळलं. ते गावांची नावं घेत नव्हते. "ही चिंच आली न्हवं, हिच्याखाली फऱ्याची लस टोचली, सगळी वासरं." "हितं वढा लागायचा, गाडी खांद्यावर घिऊन चौघं पार झालाव." "त्या पांढरीत एक लाल कंधारी वळू होता, मारका. पण माझ्यापशी गप उभा राहायचा." रस्ता त्यांना जनावरांवरून पाठ होता. ज्या ठिकाणी मला नुसतं तुरीचं रान दिसत होतं, तिथं त्यांना एक दावण दिसत होती.

लिंबागणेशच्या अलीकडं त्यांनी डावीकडं वळायला लावलं. कच्च्या वाटेनं एक वस्ती. पत्र्याची घरं, बहुतेकांना कुलपं, नाहीतर दाराला काटेरी फांदी लावलेली. माणसं कोयत्याला गेलेली. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीनंतर नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून कारखान्याच्या थळात राहायला जातात. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. गाडीचा आवाज ऐकून एका घरातून एक म्हातारी बाहेर आली. कमरेत वाकलेली, हात कपाळावर आडवा धरलेला. तिनं आधी गाडीकडं बघितलं, मग मागच्या माणसाकडं.

"डाक्टर का वं?"

"व्हय. वळखलंस का?"

"तुमाला नसतं वळखलं. गाडीला वळखलं."

मग तिनं मला सांगितलं, आबांना नव्हे. भर पावसात गाय आडली होती, वासरू पायाळू. तिचा मालक पाच कोस चालत पालीला गेला. डाक्टर त्याला मागं बसवून आले, वढ्यापाशी गाडी ठेवून उरलेली वाट चिखलातून चालले. कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत खटाटोप चालला. गाय वाचली. वासरू पण. "त्या वासराची पिलावळ अजून हाय आमच्यात," असं म्हणून तिनं गोठ्याकडं बोट दाखवलं. तिथं एक तांबडी गाय रवंथ करत बसली होती. आबा उठून तिच्याजवळ गेले, कान उलटा करून बघितला, पाठीवर हात फिरवला, खूर उचलून बोटानं चाचपला. "गोचिड झालीय. राख-बिख लावू नको, दवाखान्यातून औषध आण." आवाज एकदम नोकरीतला झाला होता.

म्हातारीनं बाजरीची भाकर, लसणाची चटणी आणि कांदा पुढं ठेवला. पोरगा आणि सून बेळगावकडच्या एका कारखान्याला होती, नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. तो नातू स्कूटरभोवती फिरत होता. त्याला मी स्टेपनी दाखवली. चेतकची तिन्ही चाकं एकसारखी, पुढचं मागं, मागचं पुढं, कुठलंही कुठंही बसतं; रिम दोन फाळक्यांची, नट खोलले की टायर मोकळा. त्याला पाना धरायला दिला. निघताना म्हातारीनं हळदकुंकवाची वाटी आणली, हेडलाइटच्या काचेवर बोट टेकवलं, मग माझ्या कपाळावर.

लिंबागणेशला चुलतभाऊ मोटारसायकल घेऊन उभाच होता. आबा उतरले, टोपी घातली, पुढच्या टायरवर अंगठा दाबून हवा बघितली. "पेट्रोलमधी ऑइल इसरू नको. लिटरला वीस मिली. जास्ती झालं तर प्लग धरती, कमी झालं तर इंजिन." एवढं बोलून भावाच्या मागं बसले आणि गेले.

पाटोद्यापर्यंत आणि त्यापुढंही कुणी ना कुणी गाडीकडं वळून बघत होतं. एका चहाच्या टपरीवर एकानं पैसे घेतले नाहीत. आबांचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा बाप या गाडीबद्दल बोलायचा, एवढंच. बालाघाटाच्या या माथ्यावर पाण्याच्या वाटा फुटतात. बिंदुसरा उत्तरेला उतरते, मांजरा इथंच पाटोदा तालुक्यात उगवून पूर्वेला लांब जाते. दोघी शेवटी गोदावरीच्या. सौताड्याला विंचरणा नदी मोठ्या कड्यावरून खाली रामेश्वराच्या दरीत पडते, आणि तिचं पाणी सीनेतून भीमेला, तिथून कृष्णेला. पौषात धार बारीक झालेली, पण कड्याच्या काळ्या दगडावर ती चांगली दिसत होती. दरीच्या तोंडाशी गाडी लावून मी बराच वेळ उभी राहिले. आबांची हद्द बहुधा इथंच संपत असणार.

जामखेडच्या पंपावर ते नक्की झालं. टू-टी ऑइलची पुडी मागितली तर पोऱ्या गोंधळला. वयस्क कामगारानं कोपऱ्यातून शोधून दिली. पूर्वी पंपावर ऑइल मिसळून द्यायची सोय असे, आता दोन-स्ट्रोक गाड्याच राहिल्या नाहीत. त्यानं झाकणात ऑइल मोजलं, टाकीत ओतलं, गाडी दोन्ही बाजूंना हलवून मिसळलं. सगळं अगदी बरोबर. पण गाडी कुणाची, हे त्यानं विचारलं नाही. तिथून पुढं ती नुसती जुनी चेतक होती.

पुढचा रस्ता सांगण्यासारखा नाही. अहिल्यानगरला मावशीकडं मुक्काम, सकाळी शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, मग चाकणची गर्दी. प्लग एकदा काढून पुसावा लागला, बाकी गाडीनं तक्रार केली नाही. आकुर्डीत बजाजच्या कारखान्यासमोरून गेले तेव्हा मुद्दाम वेग कमी केला. जिथं आमची गाडी बनली, तिथलं जुनं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. चेतक स्कूटर त्याच्याही आधी बंद झाली होती. मग २०१९ मध्ये विजेवरची चेतक जाहीर झाली आणि २०२२ पासून त्याच आकुर्डीत तिचा कारखाना आहे. सिग्नलला शेजारी एक तशीच नवी येऊन थांबली. आवाज नाही, धूर नाही. चालवणाऱ्या मुलीनं आमच्या गाडीकडं बघून अंगठा दाखवला. मला ती नवी गाडी आवडली. वाडी-वस्तीवर पोचणाऱ्या कुणाला ती परवडली आणि तिला गावात चार्जिंग मिळालं, तर फार बरं होईल.

घरी पोचल्यावर आबांना फोन लावला. पेट्रोल किती लागलं, घाटात तापली का, प्लगचा रंग कसा होता, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "पाडव्याला गाडी घिऊन ये."

"पाडव्यालाच का, आबा?"

"तवर कारखाने बंद व्हत्यात. माणसं गावात आलेली असत्यात. काल नुसती म्हातारी माणसं भेटली. आता त्यांची पोरं, सुना, समद्यांच्या घरी जायचंय. पाटोद्याकडचं राह्यलंय, चौसाळ्याकडचं तर सगळंच. मी मागं बसतो. तू चालव."

मी सुट्टीचा अर्ज दिला आहे. क्लचची केबल बदलून घ्यायची आहे, आणि आबांच्या मापाचं हेल्मेट.